एव्हरेस्टच्या पायथ्याला जायचंय? मग रस्त्यानं जा

वाचक मंडळी, गेल्या काही महिन्यांत तुमच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. कुणाचा कॉलेजातला मुलगा, कुणाची नुकतीच नोकरीला लागलेली लेक, एका पत्रात तर साठीला टेकलेले वडीलच. सगळ्यांना एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जायचं आहे. आणि घरच्यांचे प्रश्न दोनच. खर्च किती येईल, आणि जिवाला धोका आहे का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं एकाच गोष्टीवर ठरतं. तुम्ही तिथं पोचता कसे, विमानानं की रस्त्यानं.

आधी बेस कॅम्प म्हणजे काय ते समजून घेऊ. एव्हरेस्ट चढणारे लोक जिथं तंबू ठोकून तयारी करतात ती पायथ्याची जागा. उंची ५,३६४ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी चारशे मीटर कमीच पडतात. पण वाट पायवाटेची आहे. दोर नाही, बर्फात खिळे ठोकणं नाही. रोज पाच-सहा तास चालायचं, संध्याकाळी एखाद्या घरगुती लॉजात डाळभात खाऊन झोपायचं. जो माणूस दिवसभर पाण्याच्या पाळीवर उभा राहतो, त्याचे पाय तिथं कमी पडत नाहीत. कमी पडते ती हवा. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं निम्माच असतो.

आता विमानाचं ऐका. काठमांडूहून लुक्ला नावाच्या गावी छोटी विमानं जातात. हिलरीसाहेबांनी शाळा-दवाखान्यांचं सामान आणता यावं म्हणून १९६४ मध्ये ही धावपट्टी बांधून घेतली. त्यांना खरं तर नदीकाठची सपाट जमीन हवी होती, पण तिथले शेतकरी पिकाची जमीन द्यायला तयार झाले नाहीत. तेव्हा वरची उताराची जमीन घेतली. माती दाबून बसवायला शेरपा बायाबापड्यांना फेर धरून नाचायला लावलं, असं सांगतात. आज ती पट्टी डांबरी आहे, ५२७ मीटर लांब, आणि उतार इतका की एका टोकाला डोंगर नि दुसऱ्या टोकाला दरी. शेतकऱ्यानं पिकाची जमीन राखली म्हणून जगातल्या धोक्याच्या विमानतळांत एकाची भर पडली, असं म्हणायला हरकत नाही. मला मात्र त्या शेतकऱ्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

तर या विमानात बसलं की अर्ध्या तासात माणूस महाबळेश्वराएवढ्या उंचीवरच्या काठमांडूहून २,८६० मीटरवर पोचतो. दोन दिवसांनी तो ३,४४० मीटरवरच्या नाम्चे बाजारात असतो. बहुतेकांना ते सोसतं. काहींना सोसत नाही.

१९५३ सालच्या ज्या मोहिमेत तेनझिंग आणि हिलरी २९ मे रोजी माथ्यावर पोचले, तिला विमानाची सोयच नव्हती. मार्चमध्ये काठमांडूजवळच्या भक्तपूरहून सुमारे साडेतीनशे भरिये पाठीवर सामान घेऊन निघाले. भरिया म्हणजे तिथला हमाल. तेंगबोचेच्या मठापर्यंत पोचायला त्यांना सतरा दिवस लागले. रोज डोंगर चढायचा, नदीत उतरायचं, पुन्हा चढायचं. तेव्हा ती नाइलाजाची वाट होती, पण तिनं त्या सगळ्यांची शरीरं तयार करून दिली. हिलरी हे न्यूझीलंडचे मधमाश्या पाळणारे, तेनझिंग यांचं घराणं याक राखणारं. दोघंही आपल्याच जातकुळीचे म्हणा ना.

त्या जुन्या वाटेचा पुष्कळसा भाग आता गाडीनं जाता येतो. स्वित्झर्लंडच्या मदतीनं १९८५ च्या सुमारास जिरीपर्यंत रस्ता झाला आणि कित्येक वर्षं गिर्यारोहक तिथूनच चालायला लागत. हल्ली अधिक सोयीची वाट दुसरी आहे. काठमांडूहून धुलीखेलवरून बी. पी. कोइराला महामार्गाला लागायचं. जपानच्या मदतीनं बांधलेला हा रस्ता २०१५ मध्ये पुरा झाला. खुर्कोटला तो सोडायचा, सुनकोशी नदीच्या काठानं घुर्मीपर्यंत जायचं, पूल ओलांडून ओखलढुंग्याला चढायचं आणि अंधार पडता पडता सल्लेरीला पोचायचं. पहाटे निघालेली जीप दहा-बारा तास घेते. कधी जास्तही. सल्लेरीच्या पुढे कच्चा रस्ता डोंगर पोखरत दरवर्षी सरकतो आहे. खरीखोल्याच्या पुढे थामडांड्यापर्यंत जीप जातात, आणि त्याही पुढे काम चालू आहे.

इथं माझा एक आग्रह आहे. जीप जाते म्हणून शेवटच्या दगडापर्यंत जीपनं जाऊ नका. सल्लेरीला उतरा आणि तिथून चाला. २,४०० मीटरच्या सल्लेरीहून वाट ३,०७१ मीटरच्या ताक्सिन्दु खिंडीत चढते, मग नुनथल्यावरून थेट दूधकोशी नदीत उतरते. ती जागा दीड हजार मीटरच्या आसपास. पुन्हा खरीखोला, पुन्हा चढ, पुइयाँ, पुन्हा उतार सुर्क्याला. गुडघे शिव्या देतात. पण सल्लेरीहून नाम्चेला पोचेपर्यंत पाच-सहा दिवस मोडतात आणि तेवढ्यात रक्त, श्वास, झोप सगळं त्या हवेला सरावतं. विमानानं वाचलेले दिवस शेवटी वर मुक्काम वाढवून फेडावे लागतात. जो फेडत नाही तो आजारी पडतो.

या खालच्या वाटेवर तुमच्या ओळखीचं बरंच काही भेटेल. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, कडेला मका, आणि जिला ते कोदो म्हणतात ती आपली नाचणी. आपल्याकडे कोद्रा वेगळा, नाचणी वेगळी. तिथं कोदो म्हटलं की नाचणीच समजायची. तिचं पीठ आधणात घोटून घट्ट गोळा करतात, त्याला ढिंडो म्हणतात. भाकरी थापायचा खटाटोप नाही. सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी. कोकणातल्या वाचकांना आणि अकोले-जव्हारकडच्यांना हे जेवण परकं वाटायचं नाही. उसळीला मीठ कमी वाटलं तर मागून घ्या. डाळभातात डाळ नि भात पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे बहुधा घेत नाहीत.

नाम्च्याच्या वर नाचणी संपते आणि बटाटा सुरू होतो. हा बटाटा शेरप्यांकडे साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीच आला, आणि त्यानं त्या मुलखाचं नशीब बदललं. जिथं जव नि फाफर, म्हणजे कुट्टू, एवढंच कसंबसं पिकायचं, तिथं पोटभर खायला मिळू लागलं. बटाटा जमिनीत खड्डा करून साठवतात आणि हिवाळाभर खातात. दिंगबोचे हे गाव ४,४१० मीटरवर. तिथं दगडी गडग्यांच्या आत पाट काढून जवाला पाणी देतात. एवढ्या उंचीवर पाटपाणी! जमीन किती, तर आपल्या परसाएवढी. ती पाहताना मला वाटलं, आपण एकराच्या गोष्टी करतो आणि हे लोक ओंजळीनं शेती करतात.

वाटेत जनावरं फार. खालच्या भागात खेचरांचे तांडे, वर झोप्क्यो, म्हणजे याक नि गाय यांचा संकर, आणि त्याहून वर याक. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तांडा आला की डोंगराच्या अंगाला भिंतीला टेकून उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीही नाही. पाठीवर सिलिंडर नि तांदळाची पोती लादलेलं जनावर तुम्हाला बघून अंग चोरत नाही. झुलत्या पुलावर तांडा चढलेला दिसला तर अलीकडेच थांबा.

आणि माणसं. आपल्याकडे शेरपा म्हटलं की ओझं वाहणारा गडी, असा समज आहे. शेरपा ही जमात आहे, धंदा नव्हे. वाटेवर कपाळाला नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको नावाची टोपली आणि टेकायला टोक्मा नावाची आखूड काठी घेऊन जाणारा भरिया पुष्कळदा खालच्या गावचा राई, तामाङ किंवा मगर असतो. घरी त्याची दोन-चार पायऱ्यांची शेती असते. पेरणी झाली की हा बाप्या वाटेला लागतो, जसा आपल्याकडचा माणूस कोयता घेऊन कारखान्यावर जातो. प्रवाशांच्या भरियाच्या पाठीवर तीस किलोच्या वर ओझं घालू नये असा तिथला दंडक आहे. तुम्ही भरिया घेतला, आणि घ्याच, तर हे पाळा. त्याच्याकडे गरम कपडे आणि बूट आहेत का ते निघतानाच बघा. खालच्या मुलखातला माणूस वर आजारी पडत नाही असं समजू नका. त्यालाही तीच हवा लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हे वाचताना घरात जो जाणार आहे त्याला शेजारी बसवा.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच असू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी मुक्काम. म्हणून नाम्चेला दोन रात्री, दिंगबोचेला दोन रात्री. या विसाव्याच्या दिवशी अंथरुणात पडून राहू नका. थोडं वर चढून या आणि खाली झोपा.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं, ही पहिली खूण. तिथं डोकं दुखलं तर ते उन्हानं नाही, चहा चुकला म्हणून नाही. उंचीनंच दुखतं आहे असं धरून चालायचं. त्या दिवशी पुढं जायचं नाही. एक-दोन दिवसांत उतार पडला तर पुढं, नाही तर खाली. आणि माणूस सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालताना झोकांडी खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला, खोकल्यात फेस दिसू लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी दोघांनी धरून खाली न्यायचं. मेंदूला नाही तर फुप्फुसाला पाणी धरलेलं असतं आणि उतरणं हेच पहिलं औषध. असिटाझोलामाइड नावाची गोळी सराव व्हायला मदत करते, पण ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारून घ्यायची. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असली तर ते आधी सांगायचं. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी तपासून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. फेरीचे गावात १९७३ पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. तो वसंत आणि शरद या दोन हंगामांत चालू असतो. दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या आजाराबद्दल समजावून सांगतात. वाट थोडी वाकडी करून ते ऐकावं.

ही सगळी माहिती असूनही माणसं जातात ती का? तर लाजेनं. घरून पैसे घेतलेले, गावात सत्काराची भाषा झालेली, सोबतचे पुढं चाललेले. डोकं फुटतं आहे हे पोरगा सांगत नाही. लोबुच्याच्या आधी थुक्ला नावाची चढण लागते. तिच्या माथ्यावर दगडांच्या छत्र्या आणि पाट्या आहेत, या पर्वतानं ठेवून घेतलेल्यांच्या. ती मोठमोठ्या गिर्यारोहकांची नावं आहेत. साध्या यात्रेकरूंची पाटी कुठं लागत नाही. तेव्हा आईबापांनो, निघायच्या आधल्या रात्री एवढं सांगा: नाम्चेहून परत आलास तरी आम्ही स्टँडवर घ्यायला येऊ. हे तुम्हीच म्हणायला हवं. सोबत्यानं म्हटलेलं तिथं कानात शिरत नाही.

हेलिकॉप्टरचं काय, असं विचाराल. मिळतं, पण खर्च भारी. विमा उतरवायचा तर तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टर धरलं आहे का, हे दोन्ही वाचून घ्या. विम्याच्या पैशासाठी गरज नसताना लोकांना हेलिकॉप्टरात बसवायचा धंदाही तिथं २०१८ मध्ये उघडकीला आला. तेव्हा पाय चालत असतील तर पायांनी उतरा.

हंगाम दोन. एक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि दुसरा मार्चअखेरपासून मेपर्यंतचा. आपल्याला दुसरा सोयीचा. गहू-हरभरा घरात येऊन पडलेला असतो आणि पेरणीला अवकाश असतो. शिवाय एप्रिल-मे मध्ये बेस कॅम्पवर मोहिमांची तंबूंची वसाहत असते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक २०१२ च्या मे महिन्यात माथ्यावर गेले ते इथूनच. ऑक्टोबरात आकाश जास्त स्वच्छ, पण बेस कॅम्पवर दगड नि हिमनदी याखेरीज काही दिसत नाही. आणि एक सांगून ठेवतो म्हणजे हिरमोड व्हायला नको: बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. पुढच्या डोंगरांआड जातो. तो बघायचा तर गोरखशेपहून पहाटे काला पत्थर नावाच्या टेकाडावर चढायचं.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला येताना मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यात कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली. ते घाव अजून ताजे आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीत रोशी नदीनं कोइराला महामार्ग ठिकठिकाणी खाल्ला. त्यामुळे रस्त्यानं जा असं मी म्हणतो, तेव्हा कोरड्या दिवसांत, दिवसाउजेडी, असं समजा. रात्रीच्या जीपमध्ये बसू नका. चालक कालपासून झोपलेला नसेल तर भाडं स्वस्त असलं तरी खाली उतरा. काठमांडूत आदल्या दिवशी सल्लेरीच्या गाड्यांवर चौकशी केली की रस्ता कुठं तुटला आहे ते कळतं.

आपल्याकडून जाण्याचं म्हणाल तर नाशिक, मनमाड, भुसावळ या मार्गावरून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. गोरखपूरहून बसनं सुनौली, तिथं चालत सरहद्द ओलांडायची आणि पलीकडून काठमांडूची बस. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र जवळ असू द्या, आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे एकशे साठ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. काठमांडूत एक दिवस पशुपतिनाथासाठी ठेवालच. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना वाटेत मोंजोला मिळतो, आणि आपल्याला इतर परदेशी लोकांच्या निम्मी फी पडते.

घर ते घर पंचवीस दिवस धरा. खर्चाचं खरं सांगायचं तर जीपचं भाडं विमानापेक्षा कितीतरी कमी, पण वाढलेल्या दिवसांच्या जेवणाखाण्यात त्यातलं बरंचसं परत जातं. फरक असा की तो पैसा खरीखोला, पुइयाँ अशा गावांतल्या चुलींपर्यंत पोचतो. लोक विमानानं वरच्या वर जाऊ लागल्यापासून जुन्या वाटेवरची कित्येक घरगुती लॉजं ओस पडली. नाम्च्याच्या वर मात्र सगळंच महाग. गरम पाण्याचे पैसे, मोबाइल चार्ज करायचे पैसे. पाठीवरून वर चढलेल्या वस्तूची किंमत पाठच ठरवते, तिथं घासाघीस करू नये.

सोबत काय न्यायचं? मोडून मऊ झालेले बूट, नवे कोरे मुळीच नकोत. लोकरीची टोपी, दोन जाड मोजे, पाण्याची बाटली, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, उन्हाचा काळा चश्मा. शेंगदाण्याची चिक्की आणि मेतकूट न्या. वर भूक मरते, तेव्हा ओळखीची चवच घास खाली उतरवते. तमाखू नि दारू घरीच ठेवा.

परतताना घाई होते. उतरण्याला बंधन नाही, त्यामुळे गोरखशेपहून चार-पाच दिवसांत सुर्क्याला येता येतं, आणि आता जीपचा शेवटचा दगड गाठायला हरकत नाही. तिथून सल्लेरीच्या गाड्या सकाळी लवकर भरतात. आदल्या संध्याकाळी चालकाला गाठून पुढच्या बाकावरची जागा सांगून ठेवा. मागच्या बाकावर बसलेल्याचं डोकं टपाला फार आपटतं.